नेट गेलं की जावाचं अ‍ॅप्लिकेशन का अडतं? बंदरावरच्या सर्व्हरची दर पावसाळ्यातली कटकट

लक्षण आधी सांगतो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतलं वेब अ‍ॅप्लिकेशन ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर चालतं. डेटाबेसही त्याच डब्यात. बाहेरच्या जगाशी त्याचं काही देणंघेणं नाही. तरी इंटरनेट बंद असलं की ते सुरूच होत नाही, किंवा इतका वेळ घेतं की माणूस वैतागून पुन्हा पुन्हा बटण दाबतो. नेट आलं की सगळं सुरळीत होतं, म्हणून दुरुस्ती राहून जाते आणि पुढच्या पावसात पुन्हा फोन.

मला हा फोन ओळीने तीन वर्षं आला. दापोली तालुक्यातल्या एका बंदरावर मच्छीमार सोसायटी आहे, तिथलं डिझेल, बर्फ आणि वजनाच्या पावत्या छापणारं अ‍ॅप्लिकेशन मी सांभाळतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा कॉम्प्युटरवर प्लास्टिक टाकलेलं असतं. ऑगस्टात लाँचा पाण्यात उतरायच्या वेळी ते काढतात, आणि नेमकी त्याच आठवड्यात कुठेतरी झाडाची फांदी पडून केबल तुटलेली असते. मग सकाळी सोसायटीचे मॅनेजर काका फोन करतात. "अरे, ते चक्र नुसतं फिरतंय. बारा लाँचा डिझेलला उभ्या आहेत, तांडेल माझ्या डोक्यावर बसलेत. हातपावती फाडू काय?"

"फाडा काका. पण कॉम्प्युटर बंद करू नका, आहे तसा राहू द्या. मी निघालोच."

आधी मलमपट्टी

दारात गिऱ्हाईक उभं असताना कोणी हे सगळं वाचत बसणार नाही, म्हणून तात्पुरता उपाय आधी. अ‍ॅप्लिकेशन ज्या गोष्टीसाठी बाहेर धावतं ती बहुतेक वेळा फक्त सुरू होताना लागते. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, अ‍ॅप्लिकेशन उठू द्या, मग हॉटस्पॉट काढून घ्या. दिवसभर चालेल. काकांनी हे मला न विचारताच शोधून काढलं होतं. रेंज फक्त मागच्या खिडकीत येते, तर त्यांनी फोन खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला होता. दोन पावसाळे सोसायटी त्या सुतळीवर चालली.

नेट नाही म्हणजे नक्की काय नाही?

इथेच बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली. "नेट नाही" या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या अवस्था असतात आणि तिन्हींची लक्षणं वेगळी.

केबलच काढलेली असेल, तर बाहेरच्या सर्व्हरचं नाव शोधायचा प्रयत्न लगेच फसतो. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, अननोन होस्ट एक्सेप्शन (नाव सापडलं नाही अशी चूक) दिसतं आणि जे काय व्हायचं ते क्षणात होतं.

राउटर चालू आहे पण त्यावरचा लॉसचा लाल दिवा लागलाय, म्हणजे फायबर तुटलीय, तर कॉम्प्युटरला वाटतं आपण जोडलेले आहोत. तो नाव विचारत राहतो. लिनक्सवर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत वेगळं काही लिहिलं नसेल, तर एका नेमसर्व्हरची (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची) ५ सेकंद वाट पाहिली जाते आणि अशा दोन फेऱ्या होतात. नेमसर्व्हर दोन लिहिलेले असतील तर २० सेकंद गेली. प्रत्येक नावामागे.

तिसरी अवस्था सगळ्यात वाईट. नावाचा पत्ता मिळतो, पण पुढे एकही पॅकेट जात नाही. प्लॅन संपलेला डोंगल हमखास असं करतो. रस्ता सांगणारा भेटतो, पण पुढे पूल वाहून गेलेला. इथे जावा स्वतः कधी थकत नाही, कारण साध्या युआरएल कनेक्शनला जोडणीची कालमर्यादा मुळात शून्य असते, आणि शून्याचा अर्थ इथे "अमर्याद" असा आहे. थकते ती ऑपरेटिंग सिस्टिम. आमच्या जुन्या उबुंटूवर (लिनक्सचाच प्रकार) पहिली हाक गेल्यावर ती १ सेकंद थांबते, मग २, ४, ८, १६, ३२ आणि शेवटी ६४. बेरीज करा: १२७ सेकंद. म्हणजे २ मिनिटं ७ सेकंद. विंडोजवर हाच आकडा साधारण २१ सेकंदांचा असतो.

हे सगळं मला आधी ठाऊक होतं असं नाही. लॉगमध्ये एक ओळ ९:१२:०४ ची होती आणि तिच्या पुढची ९:१४:११ ची, मधे काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेवढंच अंतर, सेकंदाला सेकंद जुळणारं. कॉम्प्युटर दमला म्हणून उशीर झाला असता तर तो रोज थोडा वेगळा असता. इतका मोजूनमापून होणारा उशीर म्हणजे कोणीतरी घड्याळ लावून कोणाची तरी वाट बघतंय. तुमच्या लॉगमध्ये १२७, २१, १० किंवा २० सेकंदांची मोकळी जागा दिसली, तर मेमरी वाढवणं, डेटाबेस तपासणं असले उद्योग सोडा आणि नेटवर्ककडे वळा.

सगळंच मेलेलं असलं की कोणी तक्रार करत नाही, खरा ताप अर्धवट जिवंत नेटचा.

कोणाला हाका मारतोय ते बघा

अंदाज बांधू नका. अ‍ॅप्लिकेशन अडलेलं असतानाच त्याला विचारा. जेडीके (जावाची डेव्हलपरची हत्यारं) बसवलेला असेल तर जेपीएस ही कमांड चालू असलेल्या जावाचा क्रमांक देते, आणि तो क्रमांक जेस्टॅकला दिला की त्या क्षणी प्रत्येक थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, कुठल्या ओळीवर उभा आहे ते छापून येतं. दहा-दहा सेकंदांनी तीन वेळा घ्या. तिन्ही वेळा एकच थ्रेड त्याच जागी दिसला तर तो चोर.

आमच्याकडे मेन नावाचा थ्रेड होता. यादीत सगळ्यात वर सॉकेट कनेक्ट, त्याखाली एचटीटीपी युआरएल कनेक्शन, त्याखाली झर्सीसचा (एक्सएमएल फाइली वाचणाऱ्या पार्सरचा) एक्सएमएल एन्टिटी मॅनेजर, आणि अजून खाली स्प्रिंगचा, म्हणजे आमचा प्रोग्रॅम ज्या फ्रेमवर्कवर उभा आहे त्याचा, एक्सएमएल बीन डेफिनिशन रीडर. खालून वर वाचा: स्प्रिंग आपली कॉन्फिगरेशन फाइल वाचत होतं, एक्सएमएल पार्सरला कुठलीशी जोडलेली फाइल हवी होती, म्हणून तो ती आणायला नेटवर गेला आणि दारातच उभा राहिला. एक गंमत लक्षात ठेवा. अशा थ्रेडसमोर "रनेबल" असं लिहिलेलं असतं, म्हणजे जणू काम चालू आहे. टॉप या कमांडमध्ये बघितलंत तर सीपीयू थंडगार.

जेस्टॅक नसेल तर एसएस कमांडला सिन-सेंट (हाक गेली, उत्तर नाही) अवस्थेतल्या जोडण्या दाखवायला सांगा. कुठल्या आयपीकडे हाक गेलीय ते दिसतं. चोराचं नाव कळत नाही, पण तो कुठल्या गल्लीत शिरला ते कळतं.

स्प्रिंगची हरवलेली यादी

आता मुख्य दुखणं. स्प्रिंगच्या एक्सएमएल फाइलीच्या डोक्यावर स्कीमाचे, म्हणजे फाइलीच्या रचनेच्या नियमांचे, पत्ते लिहिलेले असतात, स्प्रिंगफ्रेमवर्क डॉट ऑर्गवरचे. ते वाचून वाटतं की स्प्रिंग दर वेळी तिथे जात असणार. तसं नाही. स्कीमा असलेल्या स्प्रिंगच्या प्रत्येक जारच्या (जावाच्या कोडच्या गठ्ठ्याच्या) मेटा-इन्फ फोल्डरमध्ये स्प्रिंग डॉट स्कीमाज नावाची छोटी फाइल असते. तिच्यात डावीकडे नेटवरचा पत्ता आणि उजवीकडे "ही फाइल माझ्याच पोटात अमुक जागी आहे" अशी नोंद. पार्सरने पत्ता विचारला की स्प्रिंग आधी ही यादी बघतं आणि जारमधली फाइल हातात ठेवतं. यादीत तो पत्ता सापडला नाही, तरच पार्सर बाहेर पडतो.

मग आमचा पार्सर बाहेर का पडत होता? कारण सर्व्हरवर ठेवायला सोपं जावं म्हणून आम्ही मावेन या बिल्डच्या साधनाच्या शेड प्लगिनने सगळे जार एकात कोंबून एकच मोठी जार करत होतो. असे स्प्रिंगचे जार सात-आठ, प्रत्येकात त्याच नावाची यादी. एकाच जारमध्ये एका नावाच्या आठ फाइली राहणार कशा? एक राहिली, बाकीच्या गेल्या. राहिलेल्या यादीत बीन्स या स्प्रिंगच्या मूळ स्कीमाची ओळ नव्हती.

बिल्डच्या फाइलीत मी काय केलं होतं ते बघून मलाच हसू आलं. शेजारीच स्प्रिंग डॉट हँडलर्स नावाची दुसरी फाइल असते, तीही अशीच चिरडली जाते. तिच्यासाठी मी अपेंडिंग ट्रान्सफॉर्मर बरोबर लावला होता, म्हणजे आठही फाइलींचा मजकूर एकाखाली एक जोडला जाईल. कारण ती चिरडली की नेट असलं तरी अ‍ॅप्लिकेशन चालत नाही, पहिल्याच दिवशी बोंब होते. स्कीमाजसाठी तोच ट्रान्सफॉर्मर लावायचा राहिला, कारण ती हरवली तरी नेट गुपचूप पांघरूण घालत होतं. वर्षातले दहा महिने.

माझ्या लॅपटॉपवर वायफाय बंद करून मी हे दहा वेळा चालवलं होतं, दहाही वेळा चाललं. तिथे जार सुटे होते, याद्या शाबूत. काकांना मी फोनवर "आमच्याकडे तर चालतंय" असंही सांगितलं होतं. या वाक्याइतकं निरुपयोगी वाक्य आमच्या धंद्यात दुसरं नाही.

दुरुस्ती एवढीच: शेड प्लगिनमध्ये मेटा-इन्फमधल्या स्प्रिंग डॉट हँडलर्स आणि स्प्रिंग डॉट स्कीमाज या दोन्हींसाठी अपेंडिंग ट्रान्सफॉर्मर लावा. बिल्ड झाल्यावर विश्वास ठेवू नका, मोठी जार झिपसारखी उघडून स्कीमाजची फाइल डोळ्यांनी बघा. बीन्स, कॉन्टेक्स्ट, टीएक्स, तुम्ही वापरता त्या प्रत्येकाची ओळ तिच्यात पाहिजे. लॉगमध्ये याची खूण म्हणजे "फेल्ड टू रीड स्कीमा डॉक्युमेंट" अशी सूचना, आणि लगेच खाली सीव्हीसी-ईएलटी डॉट वन, बीन्स या एलिमेंटची घोषणा सापडत नाही अशी चूक. ही चूक बघून लोक एक्सएमएलमध्ये स्पेलिंग शोधत बसतात. स्पेलिंग बरोबर असतं.

याच दुखण्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या वर्षी भेटला. कोणीतरी स्कीमाच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा लिहिला होता, आणि तो आकडा आमच्या जारपेक्षा नवा होता. जुन्या जारच्या यादीत नवी आवृत्ती असणार कुठून? पुन्हा नेटवर धाव. पत्त्यात आकडा लिहूच नका, बिनआकड्याचा पत्ता जारमधल्या स्कीमाला जोडलेला असतो.

पावतीच्या साच्यातली डीटीडी

तिसऱ्या वर्षी अ‍ॅप्लिकेशन उठलं, पण पहिली पावती अडली. पावतीचा साचा एक्सएचटीएमएलमध्ये होता आणि आमचाच कोड तो एक्सएमएल पार्सरने वाचत होता. साच्याच्या पहिल्या ओळीत डॉकटाइप, आणि त्यात डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डीटीडीचा (रचनेचे नियम सांगणाऱ्या फाइलीचा) पत्ता. पार्सर तो आणायला निघाला.

इथे एक सापळा आहे. कोडमध्ये सेट व्हॅलिडेटिंग फॉल्स असं स्वच्छ लिहिलेलं होतं, म्हणून मी हा भाग दोनदा ओलांडून पुढे गेलो. पण त्याचा अर्थ "तपासू नको" एवढाच होतो, "आणू नको" असा होत नाही. डीटीडीत एन्टिटींच्या (चिन्हांच्या छोट्या नावांच्या) व्याख्या असू शकतात, म्हणून न तपासणारा पार्सरही ती ओढून आणतोच. थांबवायचं तर झर्सीसचं लोड एक्स्टर्नल डीटीडी हे फीचर बंद करा. साच्यात एनबीएसपीसारख्या एन्टिटी वापरल्या असतील तर मात्र तो उपाय चालणार नाही. तेव्हा डीटीडीची प्रत जारमध्ये ठेवा आणि एन्टिटी रिझॉल्व्हर लिहून पार्सरच्या हातात तीच द्या. दहा ओळींचं काम आहे. मी दुसरा मार्ग घेतला.

हा आजार जुना आणि जगभरचा आहे. २००८ साली डब्ल्यूथ्रीसीनेच जाहीर लिहिलं होतं की अशा डीटीडी आणि तत्सम फाइलींसाठी त्यांच्या सर्व्हरवर दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येतात. कधीही न बदलणाऱ्या फाइलीसाठी. म्हणजे नेट धडधाकट असतानाही हा भार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकू नये.

उगाच बदनाम झालेले

जेएसपीच्या (जावाच्या वेब पानाच्या) वर जेएसटीएल या टॅगांच्या लायब्ररीचा पत्ता असतो, जावा डॉट सन डॉट कॉमने सुरू होणारा. तो बघून प्रत्येक नवा मुलगा म्हणतो, "सर, हाच बाहेर जातोय." नाही जात. ती नुसती ओळख आहे, नेमस्पेसचे पत्तेही तसेच. लग्नपत्रिकेवर मूळ गाव छापतात, म्हणून वऱ्हाड तिथे जात नाही. त्या पत्त्याचं नाव घेऊन "अ‍ॅब्सोल्यूट युआरआय रिझॉल्व्ह होत नाही" अशी चूक आली, तर नेटला हात लावू नका, जेएसटीएलची जार राहिलीय.

टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर सुरू होताना सिक्युअर रँडम तयार करायला अमुक हजार मिलिसेकंद लागले अशी सूचना दिसली, तर तेही नेटमुळे नाही. जुन्या लिनक्सवर यादृच्छिक आकडे साठायला वेळ लागतो. जावाला ईजीडीच्या पर्यायात डेव्ह-युरँडमचा रस्ता दाखवला की प्रश्न मिटतो.

मात्र मशीनचं स्वतःचं नाव ईटीसी-होस्ट्स या फाइलीत नसणं हा खरा गुन्हेगार आहे. जावाचा बराच कोड "मी कोण?" असं विचारतो, आणि उत्तर होस्ट्समध्ये नसलं की प्रश्न नेमसर्व्हरकडे जातो. मग वर सांगितलेली १० किंवा २० सेकंदं. एक ओळ लिहा, विषय संपला.

ब्राउझरची बाजू

सर्व्हर ठणठणीत, पण काउंटरवर पांढरं पान. पानाच्या डोक्यात जेक्वेरी किंवा बूटस्ट्रॅप बाहेरच्या सीडीएनवरून (तयार फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) मागवलेलं असतं, आणि ते येईपर्यंत ब्राउझर पुढचं काही दाखवत नाही. एफ-१२ दाबून नेटवर्कचा भाग उघडा, कुठली ओळ लोंबकळतेय ते तिथेच दिसतं. या फाइली वेबजार म्हणून मावेनमधून घ्या किंवा स्टॅटिक फोल्डरमध्ये टाका. आमच्या पावतीला मुक्ता हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून येत होता. तो नसला की दुसरा फॉन्ट यायचा, ओळी लांबायच्या, आणि "पापलेट मोठं" मधलं "मोठं" पुढच्या ओळीत जाऊन दराचा रकाना खाली ढकलायचं. तांडेल दर वाचणार कुठे? मुक्ता मुक्त परवान्याचा आहे, उतरवून अ‍ॅप्लिकेशनमध्येच ठेवला.

आणि साइटवर बसून मावेनचा बिल्ड करायला जाऊ नका. मी एकदा धक्क्यावर हॉटस्पॉट धरून केला होता, अर्ध्या जार आल्या आणि भरती आली. ऑफिसात मावेनचं गो-ऑफलाइन (लागणाऱ्या जार आधीच उतरवून ठेवणं) चालवून, मग डॅश ओ (ऑफलाइन) लावून एकदा बिल्ड करून बघा, कारण गो-ऑफलाइन काही प्लगिनच्या गरजा विसरतं. तयार जार पेनड्राइव्हवर घेऊन जा.

खरी चाचणी

केबल काढून केलेली चाचणी पुरेशी नाही, ती पहिली, सोपी अवस्था झाली. ऑफिसात नेट चालू ठेवा आणि आयपीटेबल्स या फायरवॉलच्या आउटपुट साखळीत लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच बोलणं) व आपलं घरचं जाळं सोडून बाकी सगळं ड्रॉप करा. रिजेक्ट नको, ड्रॉपच. रिजेक्ट लगेच नकार देतं, ड्रॉप गप्प बसतं, आणि आपल्याला तो गप्प बसणाराच हवा आहे. राउटर नाव सांगेल, पुढे काही जाणार नाही: संपलेल्या डोंगलची हुबेहूब नक्कल. या अवस्थेत अ‍ॅप्लिकेशन नेहमीच्या वेळात उठलं आणि पावती निघाली, तरच झालं म्हणा.

सर्व्हरवर याच्या उलट करा. सोसायटीच्या मशीनला बाहेर जायचं कारणच नाही, बॅकअप पेनड्राइव्हवर जातो. म्हणून त्याला कायमचा आयपी दिला, गेटवे (बाहेर जायचं दार) आणि नेमसर्व्हरचे रकाने रिकामे ठेवले. उद्या कुठली नवी लायब्ररी बाहेर धावलीच तर क्षणात "अननोन होस्ट" होऊन आपटेल, दोन मिनिटं झुलवणार नाही. तुमच्या मशीनला गेटवे लागतच असेल, तर जावाला सन डॉट नेट डॉट क्लायंटखालच्या डिफॉल्ट कनेक्ट टाइमआउट आणि डिफॉल्ट रीड टाइमआउट या दोन प्रॉपर्टी तीन-तीन हजार मिलिसेकंदांच्या द्या.

गेटवे काढल्याचा एक तोटा आठवडाभरात कळला. नेट नाही म्हणजे घड्याळ जुळवणारं कोणी नाही. खाऱ्या हवेत मदरबोर्डवरची सीआर-२०३२ बॅटरी लवकर गेली, रात्री लाइट गेली, आणि सकाळी पावतीवर भलतीच जुनी तारीख. आता सुरू करणारी स्क्रिप्ट आधी डेटाबेसातल्या शेवटच्या पावतीची तारीख बघते. मशीनची तारीख तिच्या मागे असेल तर अ‍ॅप्लिकेशन उठवत नाही, आजची तारीख टाका म्हणते. दोन बॅटऱ्या काकांच्या खणात ठेवून आलोय. परवा काकांचा फोन आला, "तुझा कॉम्प्युटर मलाच तारीख विचारतोय रे." म्हटलं, "काका, सांगा त्याला, आणि खणातली बॅटरी काढून ठेवा. येतो मी."